अंगावरचेच जंतू अंगावर येतात तेव्हा

मागच्या अंकात मी संधिसाधू संसर्गांबद्दल लिहिलं होतं. धडधाकट माणसाच्या वाटेला न जाणारे, किंवा वर्षानुवर्षं त्याच्या अंगावर मुकाट राहणारे जंतू, प्रतिकारशक्ती खचली की त्याच माणसाला कसे आजारी पाडतात, हा त्या लेखाचा विषय होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देते आहे. मी ३१ वर्षं रुग्णालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये काढली. रुग्णाला तपासून औषध लिहून देणं हे माझं काम नव्हतं, आणि इथेही नाही. पण तुमचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसतो आणि त्या दिसण्याचा अर्थ केव्हा काय होतो, ते मी सांगू शकते.

प्रश्न : मॅडम, माझ्या सासूबाईंना रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा आजार आहे. गेले दोन महिने त्या स्टेरॉइडच्या मोठ्या डोसवर आहेत. आता डॉक्टरांनी सोबत को-ट्रायमॉक्साझोल नावाची गोळी आठवड्यातून तीनदा सुरू केली आहे. त्यांना ना ताप, ना खोकला. घरातले म्हणतात, आजार नसताना अँटिबायोटिक कशाला, उगाच पोट बिघडेल. बंद केली तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. ती गोळी आत्ताच्या कुठल्या आजारावर दिलेली नाही. एक ठरावीक आजार होऊच नये म्हणून दिली आहे. त्याचं नाव न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया.

न्यूमोसिस्टिस जिरोव्हेसी ही एक बुरशी. ती हवेतून माणसाकडून माणसाकडे जाते. बहुतेक मुलांच्या रक्तात तीन-चार वर्षांच्या वयातच तिच्याविरुद्धची प्रतिपिंडं सापडतात, म्हणजे तुमची-माझी तिच्याशी गाठ लहानपणीच पडून गेलेली असते आणि आपल्याला पत्ताही लागलेला नसतो. स्टेरॉइडचा मोठा डोस चार आठवड्यांहून जास्त चालला की प्रतिकारशक्तीतल्या टी पेशींची फळी कमजोर होते. मग हीच बुरशी फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांमध्ये वाढत जाते आणि त्या फेसाळ द्रावानं भरतात. खोकला कोरडा, ताप बारीक, आणि चार पायऱ्या चढल्या की धाप. छाती नळीनं तपासली तर कधीकधी काहीच वावगं ऐकू येत नाही.

मी हे इतक्या आग्रहानं सांगते आहे, कारण या बुरशीनं मला एक धडा दिला आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका रुग्णाची थुंकी माझ्याकडे आली. सोबतच्या फॉर्मवर ‘खोकला, ताप’ एवढे दोनच शब्द. ‘आजाराचा पूर्वेतिहास व चालू औषधे’ ही ओळ रिकामी. मी क्षयाच्या जंतूंसाठी स्लाइड रंगवली, काही नव्हतं. कल्चर लावलं, त्यात घशात एरवी असतात तेच जंतू उगवले. ‘विशेष काही आढळले नाही’ असा रिपोर्ट मी सही करून पाठवला. तो चुकीचा नव्हता. पण न्यूमोसिस्टिस नेहमीच्या कल्चरमध्ये उगवतच नाही आणि क्षयाच्या रंगात दिसत नाही. तो शोधायचा तर तसं मनात असावं लागतं.

सहाव्या दिवशी वॉर्डातले निवासी डॉक्टर स्वतः एक बाटली घेऊन आले. दुर्बीण घालून फुप्फुस धुऊन काढलेलं पाणी होतं ते. उभ्या उभ्या ते म्हणाले, “मॅडम, त्वचेच्या आजारासाठी चार महिने स्टेरॉइड चालू आहे त्याला.” मी त्या पाण्याची स्लाइड करून चांदीच्या रंगानं रंगवली. या रंगात स्लाइडची पार्श्वभूमी हिरवी होते आणि बुरशीच्या भिंतीवर चांदी बसून ती काळी दिसते. त्या हिरव्या रंगावर काळपट वर्तुळांचे पुंजकेच्या पुंजके होते. काही पूर्ण गोल, काही एका बाजूनं चेपलेल्या चेंडूसारखी, काहींच्या मध्ये गडद ठिपका. एका नजरेत ओळखू येण्यासारखं चित्र होतं. औषध त्याच संध्याकाळी सुरू झालं. पण तोवर रुग्ण कृत्रिम श्वासावर गेला होता. तो वाचला नाही.

त्यानंतर ती ओळ रिकामी असलेला एकही फॉर्म मी पुढे जाऊ दिला नाही. वॉर्डात फोन लावायचा, विचारायचं, आणि स्वतःच्या हातानं लिहायचं. काही जणांना त्याचा त्रास झाला असेल, पण मला त्याचं वाईट वाटलं नाही.

हाच आजार जगापुढे एड्स आणण्याला कारण झाला. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांची नोंद छापून आली. पाचही जण आधी निरोगी, आणि पाचही जणांना न्यूमोसिस्टिस. त्याच केंद्रात सँड्रा फोर्ड या बाई पेंटामिडीन हे क्वचित लागणारं औषध मागणीनुसार पाठवण्याचं काम करत. ते मागवताना रुग्णाची प्रतिकारशक्ती कशानं खचली, तेही कळवलं जाई. त्या वर्षी मागण्या वाढल्या आणि त्यांतल्या काहींत असं कुठलंच कारण मिळेना. हे खटकलं म्हणून त्यांनी वरिष्ठांना लिहून कळवलं. कारणाची रिकामी जागा दिसली आणि कुणीतरी थांबून विचारलं, हे मला त्या सगळ्या हकिकतीत फार मोलाचं वाटतं.

या जंतूला बरीच वर्षं एकपेशी प्राणी समजत असत. तो बुरशी आहे, हे १९८८ साली त्याच्या जनुकांवरून ठरलं. तरीही बुरशीवरची बरीचशी औषधं त्याला लागू पडत नाहीत, कारण ती ज्या एर्गोस्टेरॉल या बुरशीच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थावर मारा करतात ते याच्या आवरणात नसतं. म्हणून को-ट्रायमॉक्साझोल.

एक खबरदारी मात्र घ्या. सासूबाईंना मेथोट्रेक्सेट चालू असेल तर डॉक्टरांना आठवणीनं सांगा. ही दोन औषधं एकत्र आली तर अस्थिमज्जेवर ताण येऊन रक्तपेशी घटू शकतात. अंगावर पुरळ उठलं तर लगेच दाखवा. आणि स्टेरॉइडही एकदम तोडू नका. शरीराला ते स्वतः बनवायची सवय सुटलेली असते.

प्रश्न : वडील न्यूमोनियासाठी रुग्णालयात आहेत. थुंकीच्या रिपोर्टमध्ये ‘कँडिडा’ आली, पण डॉक्टर म्हणाले औषधाची गरज नाही. शेजारच्या खाटेवरच्या काकूंच्या रक्तात कँडिडा सापडली तर त्यांना लगेच शिरेतून औषध सुरू झालं. एकच जंतू, मग असा फरक का? आमच्याकडे दुर्लक्ष होतंय का?

उत्तर : काळजी वाटणं स्वाभाविक आहे, पण दोन्ही निर्णय मला बरोबर दिसतात. कँडिडा ही यीस्ट तोंडात, आतड्यात, त्वचेच्या घड्यांमध्ये राहते. थुंकी बाहेर येते ती तोंडातूनच, त्यामुळे येताना ती सोबत घेऊन येते. अँटिबायोटिक चालू असली की तोंडातले इतर जंतू कमी होतात आणि हिला ऐसपैस जागा मिळते. कँडिडामुळे फुप्फुसाचा न्यूमोनिया होणं फारच दुर्मीळ. वडिलांच्या जिभेवर किंवा गालांच्या आत दह्यासारखे पांढरे डाग असतील, पुसल्यावर खाली लाल दिसत असेल, गिळताना दुखत असेल, तर गोष्ट वेगळी. तसं असेल तर दाखवा.

रक्तात मात्र कँडिडाला काहीच काम नसतं. एका बाटलीत जरी उगवली तरी ती खरी धरायची, हा आमच्याकडचा नियम. बहुधा ती मोठ्या शिरेतल्या नळीवरून किंवा आतड्यातून रक्तात उतरते. मग ती नळी काढावी लागते, आणि डोळ्यांचा पडदाही तपासावा लागतो, कारण ती तिथे जाऊन बसू शकते. काकूंचे डोळे तपासायला कुणी आलं तर घाबरू नका, तो उपचाराचाच भाग आहे.

ही यीस्ट कशी बदलते ते मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवत असे. तिचा कण सुईच्या टोकावर घ्यायचा, रक्तद्रवाच्या चार-पाच थेंबांत मिसळायचा आणि ३७ अंशांवर ठेवून द्यायचा. दोन-अडीच तासांनी थेंब काचेवर घेऊन पाहिलं की मघाच्या गोल पेशींना लांब कोंब फुटलेले असतात, मोड आल्यासारखे. कोंब पेशीपासून निघतो तिथे कुठेही आवळलेला नसतो, सरळ नळीसारखा. यावरून कँडिडा अल्बिकन्स ओळखतात. पण मला त्यात जास्त काही दिसायचं. गोल पेशी म्हणजे मुकाट राहणारी कँडिडा आणि कोंब म्हणजे ऊतीत शिरणारी. तोच जीव, दोन तासांत.

स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिसचंही असंच. तो आपल्या कातडीवरचा कायमचा रहिवासी. रक्ताच्या दोन बाटल्यांपैकी एकीत उगवला तर बहुधा सुई टोचताना कातडीवरून आत गेलेला असतो. पण रुग्णाच्या हृदयात कृत्रिम झडप असेल आणि दोन्ही बाटल्यांत तोच निघाला, तर मी रिपोर्ट टाइप होण्याची वाट न पाहता फोन उचलत असे. तो प्लास्टिकवर आणि धातूवर चिकट थर करून बसतो, आणि त्या थराखाली औषध पोचत नाही.

प्रश्न : बहिणीची केमो चालू आहे. दहाव्या दिवशी रात्री ११ वाजता १०१ ताप आला. ती म्हणाली, पॅरासिटामॉल घेते, सकाळी बघू. आम्ही ऐकलं. सकाळी रुग्णालयात गेल्यावर डॉक्टर आमच्यावर रागावले. आता ती बरी आहे. पण एका रात्रीनं एवढा काय फरक पडला असता?

उत्तर : जीव जाऊ शकला असता. तुम्हाला दोष द्यायचा म्हणून हे लिहीत नाही. पुढच्या फेरीत असं होऊ नये म्हणून लिहिते.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या घनमिलिमीटरमागे ५०० च्या खाली गेल्या की जंतूंना अडवायला पुढे कुणी उरत नाही. त्याच सुमारास तोंडाचं आणि आतड्याचं अस्तरही केमोनं सोललेलं असतं. म्हणून यातले बरेच जंतू बाहेरून येत नाहीत. ते तिच्याच आतड्यातले असतात, ई. कोलाय, क्लेब्सिएला, कधी स्यूडोमोनास. एरवी आतड्याच्या भिंतीआड राहणारे हे जंतू थेट रक्तात उतरतात.

इथे घरच्यांची फसगत होते ती एका गोष्टीनं. कुठे पू दिसत नाही, सूज नाही, लघवीला जळजळ नाही, छातीच्या फोटोतही फारसं काही नाही, फक्त ताप. पू म्हणजे मेलेल्या पांढऱ्या पेशींचा साठा. पांढऱ्या पेशीच नाहीत तर पू होणार कशाचा? त्या दिवसांत ताप हीच बहुधा एकमेव खूण, आणि पॅरासिटामॉलनं आपण तीही पुसून टाकतो.

म्हणून एकदा जरी १०१ फॅरनहाइट भरला, किंवा १००.४ तासभर टिकला, तर घड्याळ न बघता निघा. तिथे पोचताच सांगा : केमो कुठली, शेवटची कधी झाली, आज कितवा दिवस. हे तीन तपशील एका कागदावर लिहून तिच्या पर्समध्ये ठेवा, धावपळीत सांगायचं राहून जातं. अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभराच्या आत शिरेतून जावा, असा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. ताप गुदद्वारातून मोजू नका. खोलीत फुलदाणी नको, साचलेल्या पाण्यात स्यूडोमोनास आनंदानं राहतो. आमच्या प्लेटवर तो हिरवा रंग सोडतो आणि झाकण उचलताच गोडसर वास येतो, पिकलेल्या द्राक्षांसारखा. जळालेल्या रुग्णांच्या ड्रेसिंगवर तोच हिरवा रंग मी पाहिला आहे. त्यामुळे तो वास मला कधीच आवडला नाही.

प्रश्न : काळी बुरशी झालेल्या माणसाची सेवा केल्यानं आपल्याला ती होते का?

उत्तर : नाही होत. निर्धास्तपणे सेवा करा. ऱ्हायझोपस आणि तिच्या जातीच्या या बुरशांचे बीजाणू माती, पालापाचोळा, कुजणाऱ्या वस्तू आणि हवा यांत असतातच, आणि आपण सगळे ते श्वासातून घेत असतो. अनियंत्रित मधुमेह, विशेषतः रक्त आम्लधर्मी होण्याइतका, किंवा स्टेरॉइडचा मोठा डोस असला की त्या रुजतात. २०२१ साली भारतात कोविडच्या दुसऱ्या लाटेत या दोन्ही गोष्टी हजारो लोकांमध्ये एकत्र आल्या. ‘काळी’ हे नावही चुकीचं पडलं. बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद पाडते आणि रक्त न मिळाल्यानं मेलेला भाग काळा पडतो. म्हणून काळेपणा दिसेपर्यंत थांबायचं नाही. एका बाजूचा गाल दुखणं किंवा बधिर होणं, डोळा सुजणं, एकाची दोन दिसणं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : माझं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालं आहे. घरात सात वर्षांची मांजर आहे. नातेवाईक म्हणतात, तिला सोडून ये. मला ते जमणार नाही.

उत्तर : बहुतेक वेळा तशी गरज पडत नाही. भीती आहे ती टॉक्सोप्लाझ्मा गोंडी या परजीवीची. तो मांजरीच्या विष्ठेतून बाहेर पडतो, पण बाहेर पडल्या पडल्या संसर्ग करू शकत नाही. त्याला पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून तिच्या मातीचा ट्रे रोजच्या रोज, आणि घरातल्या दुसऱ्या कुणी, साफ करावा. अगदीच तुमच्यावर वेळ आली तर हातमोजे घाला आणि नंतर साबणानं हात धुवा. मांजर घरातच ठेवा, तिला कच्चं मांस देऊ नका आणि तुम्हीही अर्धकच्चं मांस खाऊ नका. माणसाला हा परजीवी मांसातूनही मिळतो, हे मांजरीवर रागावणारे विसरतात. प्रत्यारोपणाआधी तुमची टॉक्सोप्लाझ्माची तपासणी झाली असेल, तिचा निकाल डॉक्टरांना विचारून ठेवा. आणि तिला जवळ घ्या, त्यानं काही होत नाही.

प्रश्न : प्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर अशा रुग्णांना द्यावी का?

उत्तर : देऊ नका. प्रत्यारोपणाच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती डॉक्टरांनी मुद्दाम दाबून ठेवलेली असते, नवा अवयव टिकावा म्हणून. केमोच्या रुग्णात पेशीच कमी असतात, त्या पावडरीनं येत नाहीत. त्यापेक्षा कुठल्या लसी घेता येतील ते विचारा. जिवंत जंतूंच्या लसी यांच्यापैकी बहुतेकांना चालत नाहीत, पण फ्लूच्या आणि न्यूमोकॉकसच्या निष्क्रिय लसी चालतात. घरातल्या बाकीच्यांनीही फ्लूची लस घ्यावी.

प्रश्न : नाव लिहीत नाही. वय ३४. एचआयव्ही असल्याचं दीड महिन्यापूर्वी कळलं. सीडी४ या प्रतिकारशक्तीच्या पेशी फक्त ८० निघाल्या. एचआयव्हीवरच्या एआरटीच्या गोळ्या सुरू केल्या, आणि तीन आठवड्यांत मानेत गाठ आली, ताप येऊ लागला. आधी असं काही नव्हतं. गोळ्यांनीच बिघडलं असेल तर त्या बंद कराव्यात का?

उत्तर : तुम्ही लिहिलंत, बरं केलंत. गोळ्या बंद करू नका, आणि तुमच्या उपचार केंद्रात आज-उद्यातच जा.

बहुधा झालं असेल ते असं. सीडी४ पेशी इतक्या खाली असताना शरीरात एखादा संसर्ग आधीपासून असू शकतो, पण त्याच्याशी लढायलाच कुणी नसतं म्हणून ना गाठ येते, ना ताप. एआरटी लागू पडली की पेशी परत येऊ लागतात, लपलेला जंतू त्यांना दिसतो आणि त्या एकदम तुटून पडतात. ती सूज, तो ताप त्या झटापटीचा. मानेतल्या गाठीमागे क्षय असण्याची शक्यता बरीच असते. गाठीतून सुईनं नमुना काढून तपासतील, तो क्षयासाठी तपासतीलच. क्षय निघाला तर औषधांनी बरा होतो. एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांचे जगात सर्वाधिक मृत्यू क्षयानं होतात, म्हणून हे लांबणीवर टाकू नका.

आणखी एक गोष्ट मला तुम्हाला विचारावीशी वाटते. डोकं दुखतं का? आठवडा-दोन आठवडे हटत नाही असं, उजेड सहन होत नाही, उलटी होते, असं काही? क्रिप्टोकॉकस नावाची यीस्ट पक्ष्यांच्या विष्ठेत आणि मातीत असते, श्वासातून आत जाते आणि अशा वेळी मेंदूच्या आवरणापर्यंत पोचते. मणक्यातलं पाणी काळ्या शाईच्या थेंबात मिसळून पाहिलं की सगळीकडे काळोख आणि त्यात एकेक गोल पेशी, भोवती रुंद स्वच्छ वलय. शाई तिच्या जाड आवरणात शिरू शकत नाही, म्हणून ते वलय. आता रक्ताच्या थेंबावर होणारी अँटिजेन चाचणीही आहे, आणि सीडी४ इतक्या कमी असताना ती लक्षणं नसली तरी करतात. तुमची झाली का ते विचारा. हा आजार निघाला तर औषधांचा क्रम डॉक्टर बदलू शकतात, पण ते त्यांनी ठरवायचं.

जाताना सीडी४चा रिपोर्ट, एआरटी सुरू केल्याची तारीख आणि सध्याच्या सगळ्या गोळ्या सोबत न्या. गाठीचा नमुना लॅबकडे जाताना फॉर्मवर ‘मानेतली गाठ’ एवढंच लिहिलेलं दिसलं, तर सीडी४ ८० आणि एआरटीचा तिसरा आठवडा, हेही लिहायला सांगा. ते खाजगीच राहतं. लॅबमधल्या माणसाला त्यावरूनच कळतं, कुठली स्लाइड आधी रंगवायची.